मूळव्याधीचं मलम लिहिण्याआधी: फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

सर्व फॅमिली डॉक्टरांस,
सप्रेम नमस्कार.

पाटीवर एमबीबीएस असो, बीएएमएस असो की बीएचएमएस, हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे. मी डॉक्टर नाही. नोकरीची बरीचशी वर्षं एंडोस्कोपी रूममध्ये गेली. पेशंटला डाव्या कुशीवर वळवायचं, गुडघे पोटाशी घ्यायला सांगायचं, बायोप्सीचा तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत टाकून लेबल लावायचं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांनी विचारलं की ‘डॉक्टर बोलतील तुमच्याशी’ एवढंच म्हणायचं, हे माझं काम. तिथून जे दिसतं ते तुमच्या खुर्चीतून दिसत नाही. तुमच्याकडे महिनोन्‌महिने येणारा पेशंट एक दिवस यायचा थांबतो. तुम्हाला वाटतं, बरा झाला असेल. तो आमच्याकडे आलेला असतो.

सांगायचं आहे ते एवढंच. शौचावाटे रक्त पडतंय म्हणून आलेल्या माणसाला एकदा बोटाने तपासल्याशिवाय मूळव्याधीचं औषध लिहू नका.

‘आता सिस्टर आम्हाला शिकवणार’ असं काहींच्या मनात आलं असेल. येऊ दे. रक्त पडतं म्हणणाऱ्यांत मूळव्याध आणि फिशरचेच (गुदद्वाराला पडलेल्या चिरेचे) पेशंट जास्त असतात हे मलाही ठाऊक आहे. घोटाळा तिथेच होतो. न तपासता केलेला अंदाज इतक्या वेळा बरोबर येतो की तपासायची सवयच सुटते. त्यातून मूळव्याध आणि मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कॅन्सर एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात. खाली कोंब दिसला म्हणजे वर गाठ नाही असं कुणी सांगितलं?

एक पेशंट सांगते. टेम्पो चालवणारा, चाळिशीच्या आतला, मराठवाड्याकडचा. त्याच्या बायकोने कॅरीबॅग टेबलावर उपडी केली. दाबून दाबून चपट्या झालेल्या मलमाच्या ट्यूबा, चूर्णाच्या डब्या, मेट्रोनिडाझोलची रिकामी पाकिटं, कुणा वैदूच्या कागदी पुड्या, आणि वेगवेगळ्या दवाखान्यांच्या चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर ‘पाइल्स’. एका चिठ्ठीवर त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. पी.आर., म्हणजे गुदद्वारातून बोटाने तपासणी, केल्याची नोंद एकाही कागदावर नाही. तो स्वतः म्हणत होता, “दिवसभर इंजिनावर बसून उष्णता होते, सिस्टर. सब्जा घेतला की कमी पडतं.” बायको म्हणाली, दिवसातून सात-आठ वेळा जातात, रात्री पण उठतात. यालाच तो जुलाब म्हणत होता. खोदून विचारलं तेव्हा कळलं, जुलाब नव्हतेच. बसलं की थोडी आव, थोडं रक्त, आणि उठून हात धुतोय तोवर परत जावंसं वाटायचं.

सर्जननी हातमोजा घातला, जेली लावली. अर्धं मिनिट लागलं असेल. “कडक लागतंय. बायोप्सी ट्रे घ्या.” बस. वर्षभराच्या चिठ्ठ्यांवर जे नव्हतं ते बोटाच्या टोकाला लागलं.

जाऊन आल्यावर परत जावंसं का वाटतं, हे तुम्ही पुस्तकात शिकलात, तरी लिहिते. गुदाशय भरला की शौचाची भावना होते. तिथे गाठ वाढली की आतड्याला ती मळच वाटते. आतडं तिला ढकलायला बघतं, माणूस कुंथतो, आणि बाहेर येते फक्त आव आणि रक्त. दवाखान्यात हेच ‘पोट साफ होत नाही’ म्हणून सांगितलं जातं आणि हातात त्रिफळा किंवा इसबगोल पडतं. ‘आव पडते’ म्हणून सांगितलं तर अमिबाचा कोर्स मिळतो. एक कोर्स द्यायला कुणाची हरकत नाही, आपल्याकडे अमिबा आहे, आतड्याचा टीबी आहे, अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, सगळं आहे. पण त्याच माणसाला त्याच तक्रारीसाठी तिसरा कोर्स लिहिताना तरी पेन थांबायला हवं.

इथवर रक्त दिसणाऱ्यांचं झालं. न दिसणाऱ्यांचं मला जास्त जिवाला लागतं.

मोठं आतडं उजवीकडे सुरू होतं, सीकमपाशी. तिथे पोकळी रुंद आणि मळ पातळ असतो, त्यामुळे गाठ चांगली मोठी होईपर्यंत काही अडत नाही. ती रोज थोडी थोडी पाझरत राहते. ते रक्त मळात मिसळून जातं, डोळ्यांना काही दिसत नाही. माणूस फक्त थकतो. जिना चढताना धाप लागते, हिमोग्लोबिन आठ, सात. आणि आपल्याकडे थकलेल्या माणसाला काय मिळतं? ताकदीचं सलाईन, बी-१२चं इंजेक्शन, लोहाच्या गोळ्या. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळपट होतं, म्हणजे कधी रंग बदललाच तरी त्याचं खापर गोळीवर. पाळी बंद होऊन कितीतरी वर्षं झालेल्या एका मावशींना असंच लोहाच्या सलाईनवर ठेवलं होतं. बाटली चढली की हिमोग्लोबिन वर, महिना-दोन महिन्यांत परत खाली. सून म्हणे, सासूबाई खातच नाहीत नीट. खात होत्या बिचाऱ्या. खाल्लेलं लोह आतड्यातून गळत होतं. आमच्याकडे आल्या तेव्हा सीकममध्ये एवढी गाठ की दुर्बीण पुढे सरकवायला जागा नाही.

पाळी येणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी पाळीचा विचार करणं रास्तच. पण पुरुषाला लोहाची कमतरता कशाने होते? पाळी गेलेल्या बाईला कशाने? रक्त कुठे जातंय याचा शोध घेतल्याशिवाय त्यांना टॉनिक लिहिणं म्हणजे गळकी टाकी वरून भरत राहणं.

डावीकडची गाठ वेगळी वागते. तिथे आतडं अरुंद, मळ घट्ट. शौचाची सवय बदलते. वर्षानुवर्षं सकाळी एकदा जाणारा माणूस चार दिवस बद्धकोष्ठ, मग दोन दिवस पातळ, असा हेलकावायला लागतो. शौच पेन्सिलीएवढं बारीक होतं, पोटात कळ येऊन गुडगुडतं आणि वारा सरला की बरं वाटतं. म्हणून तो ‘गॅस’चा पेशंट ठरतो. वजन घटतं ते बहुधा उशिरा. त्याची वाट बघू नका. वजन काटा नसेल तर पट्ट्याचं भोक विचारा, पुरुष ते बरोबर सांगतात.

यातली कुठलीही एक तक्रार चार दिवस राहून गेली तर कुणी घाबरायचं कारण नाही. बीट खाऊनही शौच लाल होतं. तीन आठवड्यांवर टिकली, किंवा औषधाने थांबून पुन्हा सुरू झाली, की मात्र तिच्या मागे लागायला हवं.

‘तरुण आहे, त्याला कसला कॅन्सर’ हे वाक्य आता तरी सोडून द्या. हॉलिवूडचा नट चॅडविक बोसमन २०२० साली आतड्याच्या कॅन्सरने गेला तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. ब्रिटनमध्ये टीव्ही-रेडिओवर उघडपणे ‘आपलं शौच बघत जा’ असं सांगत राहिलेली डेबोरा जेम्स २०२२ मध्ये चाळिसाव्या वर्षी गेली, निदान झालं तेव्हा ती ३५ची होती. अमेरिकेत लक्षणं नसलेल्यांची तपासणी पूर्वी पन्नाशीला सुरू करत, २०२१ पासून ती ४५ला सुरू करा असं तिथल्या सरकारी तज्ज्ञगटाने सांगितलं. आपल्याकडे एकूण प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, पण ज्यांना होतो ते सरासरीने त्यांच्यापेक्षा तरुण, आणि गुदाशयाचा वाटा जास्त. म्हणजे बोटाला लागेल अशा जागी.

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली पन्नाशीच्या आतल्या पाच हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निदानाच्या तीन महिने ते दोन वर्षं आधी यांनी डॉक्टरकडे काय काय सांगितलं होतं, ते त्यात पाहिलं. चार गोष्टी वर आल्या: पोटदुखी, शौचावाटे रक्त, पातळ शौच आणि लोहाच्या कमतरतेचा अॅनिमिया. एक असेल तर धोका जवळजवळ दुप्पट, दोन असतील तर साडेतीन पट, तीन किंवा जास्त असतील तर साडेसहा पट. या चारही तक्रारी तुमच्याकडे रोज येतात आणि रोज वेगवेगळ्या गोळीने परत जातात. एकाच माणसाच्या दोन तक्रारी एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहिल्या गेल्या, तरी निम्मं काम होईल असं मला वाटतं. एकदा गॅस, पुढच्या महिन्यात अशक्तपणा, त्याच्या पुढच्या महिन्यात मूळव्याध, अशा तीन वेगळ्या चिठ्ठ्यांवर तो विखुरला की कुणालाच काही दिसत नाही.

इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या माणसांना दर दोन वर्षांनी पोस्टाने घरी एक नळी येते. घरच्या घरी शौचाचा कणभर नमुना काडीने घेऊन परत पाठवायचा, त्यात न दिसणारं रक्त सापडलं तर पुढे बोलावणं. जपानमध्ये हीच तपासणी चाळिशीपासून दरवर्षी. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढच्यांसाठी तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे. आतड्याचा नाही. इथली आकडेवारी बघता सरकारने आधी ते तीन निवडले यात मला काही चूक दिसत नाही. पण त्याचा अर्थ असा की आतड्याच्या कॅन्सरसाठी सरकारची कुठली हाळी येणार नाही, आशाताई दारावर येऊन विचारणार नाही. मधे फक्त तुम्ही आहात.

तुमच्या अडचणी मला माहीत नाहीत असं नाही. बाहेर तीस माणसं बसलेली. तपासायचं टेबल औषधाच्या खोक्यांनी भरलेलं. पडदा अर्धा. पेशंट लाजतो, बाईपेशंट तर नावच काढत नाही. ‘मूळव्याधीचं औषध द्या’ असं म्हणत तो निदान स्वतःच घेऊन येतो, पुढचं काही विचारलेलं त्याला आवडत नाही. हे सगळं खरं. तरी माझा अनुभव असा की ‘बाकीचं काही नाही ना, एवढं बघून घेतो, म्हणजे तुमचीही काळजी मिटेल’ असं शांतपणे सांगितलं तर फारच थोडे नाही म्हणतात. बाईपेशंट असेल तर सिस्टर किंवा घरातली बाई जवळ उभी करा. कोण जवळ थांबायला हवं हे तिलाच विचारा, ती नवऱ्याचं नाव घेईलच असं नाही. फिशरने तडफडणाऱ्याला त्याच दिवशी बोट घालू नका. गरम पाण्यात बसायला सांगा, मलम द्या, दोन आठवड्यांनी बोलवा आणि तेव्हा मात्र नक्की बघा. नेमकी ही पुन्हा बोलवायची गोष्ट राहते. दुखणं थांबलं की पेशंट येत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी त्याला कारण सांगून ठेवा.

सोनोग्राफीबद्दल बोलायलाच हवं. ‘सोनोग्राफी नॉर्मल आहे, काळजी करू नका’ हे वाक्य मी इतक्या पेशंटच्या तोंडून ऐकलंय की चीड येते. किडनी, पित्ताशय, लिव्हर यांच्यासाठी सोनोग्राफी चांगली. आतड्यात हवा असते, हवेपुढे ती लंगडी पडते. छोटी गाठ त्यात दिसेल ही आशाच नको. तेच सीईएचं, म्हणजे कॅन्सरमध्ये वाढू शकणाऱ्या रक्तातल्या एका घटकाच्या तपासणीचं. सीईए नॉर्मल असूनही कॅन्सर असू शकतो. उपचार सुरू झाल्यावर मागोवा घ्यायला ती तपासणी कामाची, निदानाला नाही. आणि डोळ्यांना रक्त दिसत असताना ‘ऑकल्ट ब्लड’, म्हणजे शौचातलं न दिसणारं रक्त शोधायची तपासणी, लिहिण्यात काय हशील? ते निगेटिव्ह आलं तर पेशंटला वाटणार, सुटलो.

बोटाला जे लागत नाही त्याला कॉलोनोस्कोपी, म्हणजे सगळं मोठं आतडं दुर्बिणीने बघणं. ती शक्य नसेल तर निदान शेवटचा, डावीकडचा भाग बघणारी सिग्मॉइडोस्कोपी, त्याला एनिमा पुरतो, पण उजवी बाजू राहते हे लक्षात ठेवून. माणसं दुर्बिणीपेक्षा त्या पावडरीच्या पाण्याला जास्त घाबरतात. दोन लिटरच्या आसपास खारट-लिंबट पाणी, थोडं थोडं प्यायचं, आणि संडासच्या जवळ राहायचं. शेवटी शौच गोमूत्रासारखं स्वच्छ पिवळं पाणी झालं पाहिजे. आधीचे दोन-तीन दिवस पालेभाजी, बिया, टोमॅटो बंद. आणखी एक गोष्ट तुम्हीच सांगू शकता, कारण ती तुम्हीच चालू केलेली असते. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवा. नाहीतर आतड्याला आतून काळा चिकट लेप बसलेला असतो, धुऊन धुऊन डॉक्टर हैराण होतात आणि तपासणी अर्धवट टाकावी लागते. रक्त पातळ करणाऱ्या आणि डायबिटीसच्या गोळ्यांचं मात्र तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. बाकी तपासणीला बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत-बाहेर वेळ लागतो, झोपेचं इंजेक्शन देतात, आणि बायोप्सी घेतलेली कळतही नाही.

त्याच वेळी पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेला मांसल कोंब, दिसला तर तारेच्या फासात धरून तिथल्या तिथे काढता येतो. बहुतेक आतड्याचे कॅन्सर अशा पॉलिपमधूनच होतात, आणि त्याला साधारण दहा वर्षं लागतात. म्हणजे हा आजार होण्याआधीच काढून टाकता येतो. किती कॅन्सरबद्दल असं म्हणता येतं? आतड्याच्या भिंतीतच असताना सापडला तर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण अमेरिकेतल्या आकड्यांत ९० टक्क्यांच्या आसपास आहे. लिव्हरसारख्या दूरच्या अवयवात पसरल्यावर ते १५ टक्क्यांच्या आसपास येतं. पेशंट या आकड्यांना घाबरत नाही. तो ‘पोटाला पिशवी’ला, म्हणजे शौच पोटावर लावलेल्या पिशवीत येण्याला, घाबरतो. त्याला हेही सांगा की लवकर आलेल्या बऱ्याच जणांना कायमची पिशवी लागत नाही, आणि उशीर झाला की ती टळण्याची शक्यता कमी होत जाते. पैशाचं विचारलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, किमो, रेडिएशन आहे. आणि मुंबईलाच जायला पाहिजे असं नाही, बार्शी, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथेही कॅन्सरची रुग्णालयं आहेत.

घराण्याचं विचारताना ‘कॅन्सर होता का’ एवढंच विचारू नका. आपल्याकडे लोक ‘वडील पोटाच्या आजाराने गेले’ किंवा ‘आत्याच्या पोटात गाठ होती म्हणे’ एवढंच सांगतात. कोणत्या वयात गेले ते विचारा. आई-वडील, भाऊ-बहिणीपैकी कुणाला हा आजार झाला असेल, तर तक्रार नसली तरी चाळिशीला, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा कॉलोनोस्कोपी करायला पाठवा. काही घराण्यांत गर्भाशयाचा आणि आतड्याचा कॅन्सर जोडीने चालतो, म्हणून घराण्यातल्या बायकांचंही विचारा.

पुढे पाठवताना चिठ्ठीवर ‘फॉर ओपिनियन’ एवढंच लिहू नका. रक्त किती दिवसांपासून, शौचाची आधीची सवय काय आणि आता काय, हिमोग्लोबिन किती, बोटाने तपासलं तर काय लागलं, आणि घराण्यात काय. पाच ओळी होतात. त्या पाच ओळी असल्या की आमच्याकडचा रेसिडेंट त्याला महिन्यानंतरच्या तारखेवर ढकलायला धजावत नाही, हे मी आतली गोष्ट म्हणून सांगते.

आणि एक विनंती आयएमए आणि निमा या डॉक्टरांच्या संघटनांच्या तालुका शाखांना. पुढच्या मासिक बैठकीत नव्या गोळीचं प्रेझेंटेशन एकदा बाजूला ठेवा आणि जवळच्या सर्जनना तासभर बोलवा. विषय फक्त पी.आर. आणि प्रॉक्टोस्कोपी, म्हणजे छोट्या नळीतून गुदद्वाराच्या आत बघणं. प्रॉक्टोस्कोप बऱ्याच जणांच्या ड्रॉवरमध्ये कॉलेजपासून पडून असेल, तो घेऊन या म्हणावं. जेवणाचा खर्च कंपनी देणार नाही, तेवढी वर्गणी काढावी लागेल.

आपली विनम्र,
एंडोस्कोपी विभागातली एक सेवानिवृत्त सिस्टर